दोन बोल्टांची पट्टी

कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. "मेंटेनन्सला बोलवा" म्हटलं की त्याने जायचं, एवढं साधं होतं. घरीसुद्धा गीझर बिघडला की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "मेंटेनन्स कुठे गडप झालं?" आणि तो हसत स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचा. बावीस वर्षं तो त्या एकाच कारखान्यात मेकॅनिकल मेंटेनन्सचा इंजिनिअर होता. तिथे रबराच्या जाड चादरी बनत. मशीनखाली अंथरायच्या, दारात टाकायच्या, कुठेकुठे पाठवायच्या. अंगाला वास इतका बसला होता की साबण बदलून बदलून बायको थकली आणि शेवटी तो वास हाच नवऱ्याचा वास असं तिने मान्य करून टाकलं.

त्याच्या खात्याबद्दल कारखान्यात एक जुना विनोद होता. मशीन चालू असली की मेंटेनन्सवाले फुकटचा पगार खातात, आणि बंद पडली की मेंटेनन्सवाले झोपा काढत होते. दोन्हीकडून मार ठरलेलाच. तो हा विनोद नव्या माणसांना स्वतःच सांगायचा, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणी सांगितला तर लागायचा नाही.

त्याच्या हाताखाली सहा फिटर होते. त्यातला सगळ्यात हुशार त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामावर लावला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, पण वर्षभरात सगळे गप्प झाले. त्याला नट बघावा लागत नसे. मशीनच्या पोटात हात घालून, बोटांनी चाचपून तो सांगायचा, "सतराचा पाना द्या," आणि सतराचाच लागायचा. इंजिनिअरची मुलगी लहानपणी एकदा वडिलांचा डबा घेऊन फाटकाशी आली होती आणि त्याला "मामा" म्हणून ओरडली होती. तेव्हापासून तो सगळ्या कारखान्याचा मामा झाला. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्याला मामा म्हणत. तो मात्र इंजिनिअरला दाजी म्हणायचा, मोठ्या साहेबांसमोरसुद्धा. चारचौघांत साहेब म्हणत जा असं त्याला दोनतीनदा सांगून झालं. तो "हो दाजी" म्हणायचा.

कारखान्याचा जीव होता तो मिलमध्ये. मिल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाडजूड लोखंडी रोल. त्यांच्या मधल्या फटीत गरम रबराचा गोळा जायचा आणि चादर होऊन खाली यायचा. माणसाचा हात काही रबरापेक्षा कडक नसतो, म्हणून मिलच्या पुढे, उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीला, एक आडवा बार होता. काही गडबड झाली तर हात मोकळे नसले तरी चालावं, नुसत्या मांडीने बार रेटला तरी मागचा लिव्हर जाऊन स्विचवर बसावा आणि रोल पाव फेऱ्यात थांबावेत, अशी ती व्यवस्था होती.

या मिलवर एकोणतीस वर्षं एकच ऑपरेटर होता. रोलांपुढे पाय फाकवून, पोट पुढे काढून तो असा उभा राहायचा की जहाज चालवतोय. म्हणून तो कप्तान. निवृत्तीला त्याचं सव्वा वर्ष राहिलं होतं आणि किती दिवस उरले ते तो रोज सकाळी न विचारता सांगायचा.

त्या वर्षी बारामागची स्प्रिंग सैल पडली. मिल जोरात थरथरली की लिव्हर आपोआप पुढे सरकायचा, स्विचला टेकायचा आणि काही कारण नसताना मिल थांबायची. थांबली की रोलांवरचं रबर तिथेच जळायचं. ते खरवडून काढा, पुन्हा तापवा, पुन्हा सुरू करा, यात पाऊण तास जायचा. दिवसातून चारचारदा असं व्हायला लागलं. प्रॉडक्शनचा प्रमुख दर वेळी येऊन इंजिनिअरच्या टेबलाशी उभा राहायचा. ओरडायचा नाही, नुसता घड्याळाकडे बघायचा, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

स्प्रिंग वेगळ्या मापाची होती, बाजारात मिळणारी नव्हती. त्याने मागणी लिहिली. खरेदी खात्याने सांगितलं, एका स्प्रिंगसाठी ऑर्डर काढता येत नाही, आणखी काही मागवायचं झालं की त्यात घालू. त्याने पुन्हा लिहिलं. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून समजुतीच्या सुरात विचारलं की इतकी वर्षं काढलीस, एवढ्याशा स्प्रिंगपायी महिन्याचं काम बुडवणार का.

तेव्हा त्याने ती पट्टी बसवली. हातभरही नाही, वीतभर लांबीची लोखंडी पट्टी, लिव्हरच्या पुढे आडवी, दोन बोल्टांनी कसलेली. लिव्हर कितीही थरथरला तरी स्विचपर्यंत पोहोचायचा नाही. थरथरून पोहोचायचा नाही, आणि कोणी बार दाबला तरीही पोहोचायचा नाही. हे त्याला कळत होतं. न कळण्याइतका तो कच्चा नव्हता. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. पट्टी कापली मामाने. कोणाच्या हाताला लागू नये म्हणून तिच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. बोल्ट कसून झाल्यावर मामाने विचारलं, "दाजी, वहीत नोंद करू?"

"दोन दिवसांसाठी कशाला?" तो म्हणाला. "आणि कप्तानाला सांगू नकोस. उगीच घाबरून काम करेल."

दोनाचे दहा झाले, दहाचे पस्तीस. मिल एकदाही थांबली नाही. प्रॉडक्शनवाला त्याच्याकडे बघून हसायला लागला. सुरुवातीला तो रोज मिलजवळून जाताना वाकून पट्टीकडे बघायचा. मग एक दिवसाआड. मग त्या बाजूला नजर जाईनाशी झाली.

ज्या दिवशी हे घडलं त्या सकाळी मामाने त्याला जिन्यात गाठून विचारलं होतं, स्प्रिंग आली का. तो मीटिंगला निघाला होता. "आल्यावर सांगतो," एवढंच म्हणाला.

मीटिंग महिन्याच्या कामाची होती. मोठे साहेब पडद्यावर आकडे दाखवत होते. मिलच्या नावापुढे थांबण्याचे तास शून्य होते, आणि साहेब म्हणाले, हे बघा, मनात आणलं तर होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस त्याला आठवत राहिलं ते हेच, की त्या क्षणी आपल्याला बरं वाटलं होतं. तेवढ्यात खालून आवाज आला. मशीनचा नव्हे. बावीस वर्षांत त्याला कारखान्यातले सगळे आवाज पाठ झाले होते. हा त्यातला नव्हता.

रोलांच्या कडेला रबर अडवणारी एक पाटी असते, ती घासायला लागली होती. मामा ती बघायला गेला. मिल बंद करून बघायला हवी होती, पण बंद केली की पाऊण तास गेला, म्हणून चालू मिलमध्येच सगळे ती बघत. रबर गरम असतं म्हणून हातात मोजे होते. सुटलेल्या रबराची एक चिंधोटी मोज्याला चिकटली आणि फटीकडे निघाली. कप्तानाने बार दाबला. मांडीने दाबला, मग दोन्ही हातांनी दाबला, मग सगळं अंग टाकलं. रोल फिरत राहिले. कोणीतरी धावत जाऊन भिंतीवरच्या पेटीतला मोठा खटका पाडला तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

इंजिनिअर पोहोचला तेव्हा मिल शांत होती आणि मामा उभाच होता, कारण त्याला पडता येत नव्हतं. रोल दूर करायला दोन बाजूंना दोन मोठे स्क्रू असतात. एकीकडून तो फिरवत होता, दुसरीकडून कप्तान. दोघांनी सारखे फिरवले नाहीत तर रोल तिरके होतात, म्हणून तो मोजत होता, एक, दोन, तीन, आणि कप्तान रडत रडत त्याच्या मोजण्यावर फिरवत होता. बारा मोजून झाले तेव्हा हात सुटला. मामाने इंजिनिअरकडे पाहिलं.

गाडी मामाला घेऊन गेली, तिच्यामागे सगळी माणसं फाटकापर्यंत धावली. मिलपाशी कोणी उरलं नाही. इंजिनिअरने खिशातून पाना काढला, खाली वाकला आणि दोन बोल्ट सोडवले. हात अजिबात थरथरले नाहीत. थरथरले असते तर पुढे स्वतःबद्दल थोडं तरी बरं वाटलं असतं. पट्टी त्याने शर्टाखाली घातली आणि मागच्या दाराने जाऊन भंगाराच्या ढिगात टाकली. दुपारी भंगारवाल्याची गाडी येऊन ढीग उचलून गेली. त्याचा वार तोच होता.

मग तो हॉस्पिटलमध्ये गेला. बायको आधीच पोहोचली होती. उजवा हात मनगटापासून काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो तिला थोपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आला. सभ्य, थकलेला माणूस. त्याने मिल सुरू करायला लावली आणि स्वतःच्या मांडीने बार रेटला. रोल पाव फेऱ्यात थांबले. पुन्हा सुरू करून पुन्हा रेटला. पुन्हा थांबले. त्याने कागदावर खूण केली. कप्तान बाजूला उभा होता. तो पुनःपुन्हा सांगत होता की साहेब, मी दाबला होता. तपासनीस त्याला म्हणाला, "घाबरल्यावर माणसाला वाटतं की आपण केलं. होतं असं." इंजिनिअर दोघांच्या मधे, हात मागे बांधून उभा होता. त्याला काही विचारण्यात आलं नाही. स्विच चांगला चालतो का एवढंच विचारलं, आणि तो हो म्हणाला. ते खरंच होतं.

अहवाल आठवडाभरात आला. फिटरने चालू मशीनवर मोजे घालून काम केलं आणि ऑपरेटरने वेळेवर बार दाबला नाही. कप्तानाला बोलावून राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला गेला, एवढ्या वर्षांची नोकरी म्हणून बडतर्फ करत नाही असं सांगून. स्प्रिंग अपघातानंतर चौथ्या दिवशी आली. खास माणूस गाडीने घेऊन आला.

मामा शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला तेव्हा तपासनीस त्याच्याकडेही जाऊन आला होता. मामाने त्याला सांगितलं की काही आठवत नाही. त्या दुपारी बायको खाली औषधं आणायला गेली आणि खोलीत दोघेच राहिले. इंजिनिअर स्टुलावर बसला होता. काय बोलायचं ते तो रस्ताभर जुळवत आला होता, पण मामानेच आधी विचारलं.

"पट्टी काढलीत का?"

"काढली."

"बरं झालं, साहेब," मामा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्याच्या तोंडून दाजी हा शब्द कधी आला नाही. बहिणीला वाटलं, दुखण्याने माणूस जरा बदलला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर इंजिनिअरला त्या झेलता आल्या असत्या. पण मामा त्याच्याशी आदराने वागायचा. तो आला की सरळ बसायचा. पुढे इंजिनिअरनेच शब्द टाकून मामाला स्टोअरमध्ये बसायचं काम मिळवून दिलं. आलेल्या मालावर डाव्या हाताने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. बायकोला नवऱ्याचा अभिमान वाटला. जेवताना ती म्हणायची, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर त्याला कोणी विचारलं असतं. आणि मग तिचा राग कप्तानावर निघायचा. त्या म्हाताऱ्याचे हात काय बांधले होते का, समोर माणूस ओढला जातोय आणि हा बघत उभा. मुलगी म्हणायची, आई, जाऊ दे. तो खाली मान घालून जेवायचा. त्याला भूक लागायची, याचंच त्याला नवल वाटायचं.

तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी तो कप्तानाच्या घरी गेला. सांगायचंच असं ठरवून गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. सुनेने दार उघडलं आणि पाणी आणून दिलं. कप्तान खिडकीशी खुर्चीत होता. पोट उतरलं होतं, आणि त्या पोटावाचून तो कोणी दुसराच वाटत होता. साहेब स्वतः आपल्या घरी आले याचा त्याला फार आनंद झाला. त्याने सुनेला चहा टाकायला सांगितला.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग कप्तान आपणहूनच त्या विषयावर आला. आपण खूप विचार केला, तो म्हणाला. आधी राग यायचा, पण राग किती दिवस पुरणार.

"मला अजून मांडीला बार लागल्याचं आठवतं, साहेब. इथे. पण मग मिल थांबायला हवी होती. नाही थांबली. म्हणजे मी दाबलाच नसणार. मशीन कशाला खोटं बोलेल?"

इंजिनिअरच्या हातात चहाचा कप होता. आत्ता, असं तो मनात म्हणाला. चहा संपेपर्यंत तो तसंच म्हणत राहिला.

"मामाकडे जाऊन आलो मी," कप्तान पुढे म्हणाला. "हात जोडून माफी मागितली. देवमाणूस आहे तो. म्हणाला, तुमची काही चूक नाही, कप्तान. आणि रडायलाच लागला. ज्याचा हात गेला तो माझी समजूत काढत होता."

इंजिनिअर उठला. काम आहे म्हणाला. रिकामा कप सुनेच्या हातात देऊन तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला आणि मला अपघाताबद्दल बोलायचं आहे म्हणाला. साहेबांनी हातानेच त्याला थांबवलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. तो काय सांगणार ते त्यांना माहीत नव्हतं, पण काय ऐकायचं नाही ते बरोबर माहीत होतं. अहवाल बंद झाला आहे, ते म्हणाले. बंद अहवालावर मामाची भरपाई मंजूर झाली आहे, बंद अहवालावर त्याला स्टोअरमध्ये जागा मिळाली आहे. उघडायचं तर सगळंच उघडेल. "तुझ्या मनाला टोचणी लागली असेल तर चार दिवस रजा घे," ते शेवटी म्हणाले. त्याने रजा घेतली नाही. खाली जाऊन पंपाचं सील बदललं. सील नीट बसलं.

असे आणखी दोन महिने गेले. जगात माणसं काय काय पोटात ठेवून जगतात, तसा तोही जगला असता. पण एके संध्याकाळी बायको बाजारातून आली ती वेगळ्याच आवेशात. पिशवी ठेवता ठेवता तिने सांगायला सुरुवात केली. कप्तानाची सून भेटली होती. समोरून हसली. हिला ते हसणं सहन झालं नाही. भर दुकानात, सगळ्यांसमोर, हिने तिला सुनावलं की तुझ्या सासऱ्यामुळे माझा भाऊ लुळा झाला, आणि तू मला तोंड वर करून हसतेस. ती पोरगी घेतलेलं सामान तसंच टाकून निघून गेली.

"जरा जास्तच बोलले का हो मी?" बायकोने विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, पट्टीपासून भंगाराच्या गाडीपर्यंत सगळं. मशीनचा बिघाड सांगावा तसं क्रमाने सांगितलं, कारण त्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सांगता येत नव्हतं. बायकोने मधेच हात लांब करून गॅस बंद केला.

"त्याला माहीत आहे?" तिने विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पट्टी त्यानेच कापली होती."

ती पायात चपला घालून भावाकडे गेली. दोन तासांनी आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता. ती त्याच्यासमोर बसली, जवळ नाही, टेबलाच्या पलीकडे.

"कोणाला सांगायला तो नको म्हणतोय," ती म्हणाली. "माझा संसार मोडेल म्हणून नको म्हणतोय. हात गेला तेव्हाही त्याने हाच विचार केला, हॉस्पिटलात पडल्या पडल्या. म्हणून तर सगळं लिहून द्या तुम्ही. त्याच्या जिवावर मला संसार नको."

त्याने लिहिलं. तीन पानं झाली. तिसऱ्या पानावर पट्टीचं चित्र काढलं, लांबी, रुंदी, जाडी, भोकांमधलं अंतर, सगळी मापं घालून. एक प्रत तपासनीसाच्या कचेरीत दिली, एक कंपनीत. कचेरीत पोच मिळाली. दिल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि आता पुढे काय करायचं असतं ते त्याला सुचेना.

पुढे जे झालं ते त्याच्यासारख्या, कारणावरून परिणाम शोधणाऱ्या माणसाला कधीच उलगडलं नाही. सुरक्षेच्या यंत्रणेत ढवळाढवळ केल्याची स्वतःच कबुली दिली म्हणून कंपनीने त्याला काढून टाकलं. आणि सुरक्षेच्या यंत्रणेत ढवळाढवळ झाल्याचा कोणताही पुरावा नाही, पाहणीच्या वेळी ती उत्तम चालत होती, म्हणून कचेरीने त्याचा अर्ज निकाली काढला. चौकशा सातआठ महिने चालल्या आणि दोन्ही कागद एकाच आठवड्यात आले. मामाला माहिती दडवल्याबद्दल स्टोअरमधून कमी केलं गेलं. मोठ्या साहेबांनी ते त्याला आधीच सांगितलं होतं, असं म्हणायला हवं.

मामाने आपली खोली सोडली आणि दूरच्या एका गावी मित्राकडे गेला. जाताना बहिणीला भेटून गेला. इंजिनिअर आतल्या खोलीत होता. बाहेर यावं की नाही हे ठरेपर्यंत दार लागल्याचा आवाज आला. बायकोने एका शिवणकामाच्या कारखान्यात घड्या घालायचं काम धरलं. ती त्याच्याशी भांडत नसे. जेवण झाकून ठेवत असे, कपडे इस्त्री करत असे, लाइटबिल कुठे ठेवलं ते सांगत असे. मुलीचं शिक्षण चाललं होतं, ती वडिलांशी अभ्यासापुरतं बोलायची. तो तीनचार ठिकाणी कामासाठी जाऊन आला. सगळीकडे बोलणं नीट चालायचं, त्याचा अनुभव बघून लोक खूश व्हायचे. मग आधीची नोकरी का सोडली हा प्रश्न यायचा. तो खरं सांगायचा. कळवतो, असं ते म्हणायचे.

पत्राची एक प्रत त्याच्याकडे उरली होती. ती घेऊन तो कप्तानाकडे गेला. घरी सुनेने दार अर्धंच उघडलं आणि सांगितलं की ते आता गाड्या लावायच्या एका मोठ्या आवारात कामाला जातात, तिथे बघा. दार लावताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुपारची वेळ होती. आवाराच्या तोंडाशी पत्र्याची एक टपरी होती आणि तिच्यात कप्तान वही पुढे घेऊन बसला होता. अंगावर दुसऱ्या कोणाच्या मापाचा गणवेश होता. आता तो निवृत्त झाला असता ती तारीखही उलटून गेली होती. कंपनीने त्याला परत बोलावण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

इंजिनिअरने कागद पुढे केला. कप्तानाने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. मधे दोनदा गाड्या आल्या. दोन्ही वेळा त्याने उठून नंबर लिहून घेतला, चिठ्ठी दिली आणि परत येऊन जिथे बोट होतं तिथून पुढे वाचलं. तिसऱ्या पानावर तो थांबला.

"हे चित्र कसलं?"

इंजिनिअरने वाकून दाखवलं. हा लिव्हर, हा स्विच, ही मधली पट्टी. कप्तानाने चित्रातल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"म्हणजे मी दाबला होता," तो म्हणाला.

"दाबला होता. वेळेवर दाबला होता."

"आणि मी मामाकडे माफी मागायला गेलो, तेव्हा त्याला हे माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही माझ्याकडे चहा प्यायला आलात, तेव्हा तुम्हाला."

कप्तानाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. रागावला नाही, निदान तसं दिसलं नाही. कागद उलटासुलटा करून त्याने विचारलं की हा मला ठेवायला मिळेल का. मिळेल, इंजिनिअर म्हणाला, तुमच्यासाठीच आणला आहे.

"यावर सही नाही."

प्रत होती, सही मूळ कागदावर होती. इंजिनिअरने खिसे चाचपले. पेन नव्हतं. कप्तानाने वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन पुढे सरकवलं. दोरा आखूड होता, म्हणून टपरीच्या खिडकीतून अर्धं अंग आत घालून, वहीवर ओणवं होऊन त्याला सही करावी लागली.

"तारीख टाका," कप्तान म्हणाला. त्याने तारीख टाकली.

कप्तानाने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि ती आतल्या खिशात ठेवली. "सुनेला दाखवतो," एवढंच तो म्हणाला, इंजिनिअरला नव्हे, असंच. मग तो वहीत आधीच्या गाड्यांची वेळ भरायला लागला.

इंजिनिअर थोडा वेळ तिथेच उभा राहिला. कप्तानाने पुन्हा वर पाहिलं नाही. मागे एक गाडी येऊन थांबली होती आणि हॉर्न वाजवत होती. तो आपल्यासाठीच आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. मग तो वाटेतून बाजूला झाला.